पास येत नाही म्हणतेस, म्हणून

चि. खेळाडूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून पत्रच लिहिते. प्रॅक्टिस झाली, जेवण झालं की सावकाश वाच.

तू लिहिलंयस, ‘ताई, इथे मला कुणी बॉलच देत नाही. सर मॅचमध्ये सात-आठ मिनिटं उतरवतात, तेवढ्यात एकदा-दोनदा हातात येतो. आपल्याकडे होते तेव्हा बरं होतं.’ समजतंय मला. तालुक्याच्या बास्केटबॉल टीममध्ये बॉल वर आणायचीस तू, शॉट मारायचीस तू आणि शेवटच्या दहा सेकंदांत सगळ्या बघायच्याही तुझ्याचकडे. आता मोठ्या शहरातल्या क्लबात तुझ्याच पोझिशनला चौघी आहेत, त्यातल्या दोघी राज्य खेळलेल्या. परत यावं का, असं तू सरळ विचारलेलं नाहीस, पण मेसेजभर तेच आहे. तर पहिलं उत्तर आधीच देते: येऊ नकोस. निदान हा सीझन तरी नाही.

दुसरं उत्तर लांबलचक आहे. त्यासाठी मार्को बेलिनेल्ली नावाच्या इटालियन खेळाडूची कारकीर्द तुला सांगायची आहे. शिकवताना मी फार मोठ्या स्टार खेळाडूंची उदाहरणं सहसा देत नाही. निसर्गानेच ज्याला अचाट शरीर दिलंय, त्याच्याकडून पाच फूट चार इंचांच्या मुलीने नेमकं काय उचलायचं? बेलिनेल्लीकडून मात्र उचलता येतं. तो १.९६ मीटर उंच. आपल्याला ही उंची मोठी वाटते, पण एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, त्याच्या पोझिशनला ती अगदी नेहमीची. वेग बेताचा, उडी बेताची, डिफेन्स सुरुवातीला कच्चाच. तरीही हा माणूस एनबीएत १३ सीझन खेळला, ९ संघांकडून खेळला आणि एनबीएचं विजेतेपद मिळवणारा पहिला इटालियन ठरला. चेंडू हातात नसताना काय करायचं, हे त्याला कळलं होतं. मला वाटतं, त्याच्या टिकण्याचं खरं कारण तेच.

पण सुरुवातीपासून सांगते.

इटलीत राज्य फुटबॉलचं. पण उत्तरेकडच्या बोलोन्या शहराला तिथले लोक ‘बास्केट सिटी’ म्हणतात. एकाच शहरात दोन मोठे क्लब, विर्तुस आणि फोर्तितुदो, आणि दोघांत हाडवैर. १९९८ मध्ये इटालियन लीगची फायनल या दोघांतच रंगली. पाचवा, निर्णायक सामना. वेळ संपत आली होती आणि विर्तुस चार पॉइंटांनी मागे होती. विर्तुसच्या साशा दानिलोविचने थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून तीन पॉइंटांचा शॉट, मारला, मारताना फाउल मिळवला, वरचा फ्री थ्रोही टाकला. एका फटक्यात चार पॉइंट, बरोबरी, आणि मग एक्स्ट्रा टाइममध्ये विजय. मार्को तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याचं गाव, सान जोव्हान्नी इन पेर्सिचेतो, बोलोन्याच्या अगदी जवळ. अशा मुलुखात वाढलेल्या मुलाच्या हातात बास्केटबॉल आला नसता तरच नवल.

तो विर्तुसच्या ज्युनियर संघांतून वर आला आणि सोळाव्या वर्षी मोठ्या संघातून खेळला. २००३ मध्ये तोच क्लब आर्थिक अडचणीत सापडला आणि पहिल्या श्रेणीच्या लीगमधून बाहेर पडला. मार्को कुठे गेला? रस्ता ओलांडून फोर्तितुदोत. सतरा वर्षांच्या पोराने घरचा क्लब सोडून त्याच शहरातल्या शत्रूच्या क्लबात जायचं, म्हणजे काय ते त्या शहरातल्या माणसालाच कळेल. तू दुसऱ्या जिल्ह्यात गेलीस. तो तर गावातल्या गावात परका झाला.

आता हे नीट वाच. फोर्तितुदोत त्याच्या पुढे कोण होते? जान्लुका बासिले आणि जानमार्को पोत्सेक्को, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवणाऱ्या इटालियन संघातले दोघे. शिवाय कार्लोस डेल्फिनो, ज्याने त्याच ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाकडून सुवर्ण मिळवलं. सोन्या-चांदीच्या पदकांची माणसं पुढे उभी असताना त्या पोराला बॉल कोण देणार होतं? त्याच वर्षी फोर्तितुदो युरोलीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या, फायनलला पोचली आणि तेल अवीवमध्ये तिथल्याच मकाबी क्लबाकडून ११८–७४ अशी हरली. ४४ पॉइंटांनी! पुढच्या वर्षी, २००५ ला, त्याच क्लबाने इटालियन लीग जिंकली. मिलानविरुद्धच्या चौथ्या सामन्यात रूबेन डग्लसचा थ्री घड्याळ संपता संपता सुटला आणि रेफरींनी रिप्ले पाहून तो ग्राह्य धरला. या दोन्ही वर्षांत मार्को त्या संघातला सर्वांत लहानांपैकी एक होता. मोठे कसे हरतात आणि मोठे कसे जिंकतात, हे त्याने बेंचवरून, अगदी जवळून पाहिलं.

तुझ्या त्या राज्य खेळलेल्या दोघींकडे तू स्पर्धक म्हणून बघतेस. बघ, हरकत नाही. पण त्यांच्याकडून शिकायचंही फुकट मिळतंय, ते सोडू नकोस. त्या स्क्रीनकडे, म्हणजे डिफेंडरची वाट अडवून उभ्या राहिलेल्या सोबतिणीकडे, जाताना वेग कुठे कमी करतात, पास मागताना हात कुठे धरतात, शॉट चुकल्यावर त्यांचं पहिलं पाऊल कुठे पडतं. बेंचवर फोन बघत बसणारी मुलगी आणि हे बघत बसणारी मुलगी दोन वर्षांनी एका पातळीवर नसतात. हे मी इतक्या मुलींच्या बाबतीत पाहिलंय की आता त्यावर वाद घालत नाही.

पुढे २००६ ची जागतिक स्पर्धा जपानमध्ये झाली. इटलीची गाठ अमेरिकेशी. अमेरिका ९४–८५ ने जिंकली, कार्मेलो अँथनीने एकट्याने ३५ पॉइंट केले. पण वीस वर्षांच्या बेलिनेल्लीने त्यांच्यासमोर २५ पॉइंट केले आणि एनबीएवाल्यांच्या वह्यांत त्याचं नाव लागलं. २००७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला अठराव्या क्रमांकावर घेतलं. त्या उन्हाळ्यात लास व्हेगासच्या समर लीगमध्ये पहिल्याच सामन्यात त्याने ३७ पॉइंट मारले.

सदतीस! मग काय झालं असेल? काहीच नाही. खरा सीझन सुरू झाला आणि तो बेंचवर बसला. डॉन नेल्सनच्या त्या संघात बॅरन डेव्हिस, मॉन्टा एलिस, स्टीफन जॅक्सन होते. बॉल त्यांच्या हातात. बोलोन्याचा हिरो तिथे कोपऱ्यात उभा. त्यात थ्रीची रेषाच बदललेली. तेव्हा युरोपातली रेषा ६.२५ मीटरवर होती, एनबीएची समोरून ७.२४ मीटर. जवळजवळ एक मीटर मागे जाऊन तोच शॉट नव्याने बसवायचा. पाय, गुडघे, मनगट, सगळ्याचा हिशेब बदलतो. सामना ४० मिनिटांऐवजी ४८ मिनिटांचा, आणि सीझनला ८२ सामने.

दोन वर्षं अशीच गेली. २००९ च्या ड्राफ्टमध्ये वॉरियर्सने एक सडपातळ पोरगा घेतला, स्टीफन करी. त्यानंतर साधारण महिन्याभराने बेलिनेल्लीला टोरंटोला ट्रेड करण्यात आलं, म्हणजे अदलाबदलीत देऊन टाकलं. करीचं नाव लक्षात ठेव, परत येईल.

टोरंटोत आंद्रेआ बार्न्यानी होता, २००६ च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, म्हणजे निदान आपल्या भाषेत बोलायला कुणी मिळालं. एका सीझनमध्ये तिथूनही ट्रेड, न्यू ऑर्लिन्सला. तिथे मात्र बहुतेक सामने तो सुरुवातीच्या पाचांत खेळला, बॉल वाटायला ख्रिस पॉलसारखा गार्ड होता. मग शिकागो. शिकागोचे कोच टॉम थिबोडो डिफेन्सच्या बाबतीत फार कडक. त्यांच्याकडे मिनिटं हवीत तर आधी समोरच्याला अडवून दाखवायचं. हा धडा माझ्या मते बेलिनेल्लीला उशिरा मिळाला. तुला तो आत्ताच मिळतोय, म्हणून तुझ्या सरांवर रागावू नकोस. ‘डिफेन्समध्ये कमी पडते’ असं ते म्हणाले ना? मग शॉटबद्दल त्यांच्याशी वाद न घालता आधी ते भरून काढ. मिनिटं डिफेन्स मिळवून देतो; पॉइंट नंतर.

२०१३ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, शिकागोची पहिली फेरी ब्रुकलिनशी सातव्या सामन्यापर्यंत गेली. डेरिक रोझ दुखापतीमुळे अख्खा सीझन बाहेर, त्या दिवशी लुओल डेंग नाही, कर्क हाइनरिक नाही. शिकागो परक्या मैदानावर ९९–९३ ने जिंकली आणि बेलिनेल्लीने २४ पॉइंट केले. सहा वर्षं ज्याच्याकडे बॉल फारसा येत नव्हता त्याच्याकडे तो त्या दिवशी आला, कारण देण्याजोगं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. आणि हा तयार होता. तयारी आधीच्या सहा वर्षांत झाली होती.

आता सॅन अँटोनियो. इथे जरा थांबू या, कारण तुझ्या तक्रारीचं उत्तर इथे आहे.

२०१३ मध्ये स्पर्स, म्हणजे सॅन अँटोनियोचा संघ, फायनल हरले आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी बेलिनेल्लीला घेतलं. कोच ग्रेग पॉपोविच. संघात टिम डंकन, फ्रान्सचा टोनी पार्कर, ऑस्ट्रेलियाचा पॅटी मिल्स, ब्राझीलचा टियागो स्प्लिटर, आणि अर्जेंटिनाचा मानू जिनोबिली, जो २००० ते २००२ विर्तुस बोलोन्याकडून खेळून युरोलीग जिंकून गेला होता. या संघाचा एक नियम प्रसिद्ध आहे. बॉल हातात आला की अर्ध्या सेकंदात ठरवायचं: शॉट, पास की ड्राइव्ह, म्हणजे बॉल घेऊन बास्केटकडे मुसंडी. बॉल धरून विचार करत उभं राहायचं नाही. अशा संघात कुणाच्याच हातात बॉल फार वेळ नसतो, डंकनच्याही नाही. मग उरलेल्या वेळात सगळे काय करतात? धावतात, पण विचार करून धावतात.

त्याचा त्या सीझनचा कुठलाही सामना लाव आणि बॉलकडे बघूच नकोस. डोळे फक्त बेलिनेल्लीवर. तो डाव्या कोपऱ्यात उभा आहे, हात गुडघ्यांवर, दमल्यासारखा. त्याच्यावरचा डिफेंडर क्षणभर बॉलकडे बघतो. तेवढ्यात हा निघतो, बेसलाइनवरून, म्हणजे बास्केटमागच्या रेषेलगत, बास्केटखालून. आधी दोन-तीन पावलं संथ, मग एकदम वेग. उजव्या अंगाला डंकन स्क्रीन लावून उभा. बेलिनेल्ली त्याच्या इतक्या जवळून जातो की खांद्याला खांदा घासतो, मध्ये डिफेंडरला शिरायला फट राहत नाही. बाहेर पडता पडता बॉल हवेतच आहे आणि याचा आतला पाय आधीच जमिनीत रुतलाय, पंजा बास्केटकडे वळतोय. दुसरा पाय, कंबर फिरते, शॉट. कित्येकदा अंग अजून बाजूला वाहत असतं, तोल गेल्यासारखा दिसतो, तरी मनगट सरळ. बॉल त्याच्या हातात राहतो तो डोळ्याची पापणी लवेपर्यंत. त्याआधीची ती सगळी धाव पास मागण्यासाठीच होती.

पास असा मागतात. ‘बॉल दे’ असं ओरडून नव्हे.

आणि पुढचा भाग मुली विसरतात. त्या धावेत डिफेंडर कसा येतोय ते त्याने बघितलेलं असतं. डिफेंडर मागून पाठलाग करत येत असेल तर स्क्रीनला वळसा घालून आत, बास्केटकडे. डिफेंडर स्क्रीनच्या पलीकडून जवळचा रस्ता काढत असेल तर मागे हटून कोपऱ्याकडे, तिथे मोकळा थ्री. आणि डिफेंडर आधीच पासच्या वाटेत येऊन उभा असेल तर त्याच्या पाठीमागून सरळ बास्केटखाली. तीन वाटा, आणि निवड दर वेळी समोरच्या माणसाच्या पायांवरून करायची. तू मात्र स्क्रीनवरून दर वेळी एकाच बाजूला बाहेर पडतेस, डोकं खाली घालून. मागच्या व्हिडिओत मला ते स्पष्ट दिसलं. तुझ्यावरच्या मुलीलाही दिसत असणार.

बॉल नाही आला तरी ती धाव फुकट जात नाही. असा शूटर पळत सुटला की एक डिफेंडर त्याला चिकटतो, दुसरा अर्धा पाऊल त्याच्याकडे सरकतो आणि मधली वाट मोकळी होते. पार्कर त्या वाटेने लेअप, म्हणजे बास्केटजवळचा सोपा शॉट, टाकतो. स्कोअरशीटवर नाव पार्करचं. पण कोचला माहीत असतं, आणि संघातल्या मुलींनाही हळूहळू कळतं. ज्या मुलीमुळे आपल्याला सोपे पॉइंट मिळतात, तिला पास द्यायला हात आपोआप वळतो.

त्या सीझनला, २०१३–१४ ला, तो ८० सामने खेळला, सरासरी ११.४ पॉइंट, आणि थ्रीचा टक्का ४३. फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्सला ऑल-स्टारची, म्हणजे एनबीएच्या निवडक खेळाडूंच्या सोहळ्यातली, थ्री-पॉइंट स्पर्धा झाली, तो पूर्वी जिथे खेळला त्याच एरिनात. पाच रॅक, प्रत्येकावर पाच बॉल, वेळ एक मिनिट. समोर आठवतंय का कोण? स्टीफन करी. शिवाय आदल्या वर्षीचा विजेता कायरी अर्विंग, डेमियन लिलार्ड, केव्हिन लव. सगळ्यांत कमी नावाजलेला हाच. करी पहिल्या फेरीतच बाद झाला. फायनलमध्ये ब्रॅडली बील आणि बेलिनेल्ली दोघांचे १९–१९. टायब्रेक. पुन्हा एक मिनिट, पुन्हा पंचवीस बॉल, दमलेल्या पायांनी. बेलिनेल्ली २४, बील १८.

या स्पर्धेत बॉल रॅकवर तयार असतो, पास देणारं कुणी लागत नाही, अडवणारंही नाही. म्हणून मी तिला त्याची सर्वांत मोठी गोष्ट मानत नाही. पण टायब्रेकच्या त्या मिनिटात पहिल्यापासून शेवटच्या बॉलपर्यंत त्याच्या पायांची जागा एकसारखी पडत होती. ती सवय एकट्याने, रिकाम्या हॉलमध्ये लावलेली असते. ती बघ.

जूनमध्ये स्पर्सनी मायामीला ४–१ ने हरवलं आणि बेलिनेल्ली चॅम्पियन झाला. प्लेऑफमध्ये त्याची मिनिटं सीझनपेक्षा बरीच कमी झाली होती. विजेत्या संघातही बेंच सुटत नाही, हे तू आत्ताच मनाशी पक्कं कर. म्हणजे पुढे कधी चांगला सीझन गेल्यावर सरांनी बसवलं तर आभाळ कोसळल्यासारखं वाटणार नाही.

पुढची वर्षं भराभर सांगते. सॅक्रामेंटोला गेला, तिथे त्याचा थ्रीचा टक्का चांगलाच घसरला. शार्लट, मग अटलांटा, मग २०१८ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फिया. फिलाडेल्फियातला एक शॉट तुला माहीत असायलाच हवा.

५ मे २०१८. प्लेऑफ, बॉस्टनविरुद्ध तिसरा सामना, घरचं मैदान. फिलाडेल्फिया ८९–८७ ने मागे, घड्याळ संपतंय. बेलिनेल्ली स्क्रीनवरून सुटतो, कोपऱ्यात बॉल झेलतो, तोल मागे जात असताना शॉट, बझर, आणि बॉल आत! हॉलमध्ये एकच कल्लोळ. छतावरून रंगीत कागदांचा पाऊस पाडणाऱ्या यंत्रावरच्या माणसाला वाटलं, थ्री होता, जिंकलो. त्याने कागद उडवले. पण बेलिनेल्लीचा पाय रेषेवर होता. दोन पॉइंट. ८९–८९. मग ते कागद झाडून काढेपर्यंत सामना थांबला आणि एक्स्ट्रा टाइममध्ये बॉस्टन १०१–९८ ने जिंकली.

इतका अवघड शॉट घातला, त्यात त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण तुला शिकवायचं आहे म्हणून सांगते: रेषा पायांना माहीत असली पाहिजे. झेलायच्या आधी बघून ठेवायची, झेलताना नाही. आता आपल्याकडे थ्रीची रेषा ६.७५ मीटर आहे. तू ती नेमकी बुटांच्या टोकावर घेऊन उभी राहतेस. अर्धा फूट मागे राहा. तुझ्या मनगटात तेवढी ताकद आहे, मी पाहिली आहे.

२०२० मध्ये एनबीए संपलं आणि चौतिसाव्या वर्षी तो बोलोन्याला परत आला, विर्तुसमध्ये, जिथून सतराव्या वर्षी निघाला होता. २०२१ ला विर्तुसने लीग जिंकली, वीस वर्षांनी. २०२२ ला युरोपातल्या क्लबांचा युरोकप. आणि २०२४ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, तो इटालियन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे कसं शक्य झालं? ज्याचा खेळ उडीवर उभा असतो, त्याची उडी तिशीनंतर कमी होते. ज्याचा खेळ वेळ साधण्यावर, स्क्रीन वाचण्यावर आणि पायांच्या सवयीवर उभा असतो, त्याचं वय उशिरा दिसतं. २०२५ मध्ये आणखी एक लीग जिंकून त्याने ऑगस्टमध्ये निवृत्ती जाहीर केली.

सगळं मिळालं असं समजू नकोस. तो ऑलिंपिक कधीच खेळला नाही. २०१६ ची पात्रता फेरी इटलीतच, तोरिनोला होती. फायनलमध्ये क्रोएशियाने एक्स्ट्रा टाइममध्ये हरवलं. २०२१ मध्ये इटलीने बेलग्रेडला सर्बियाला हरवून टोकियो गाठलं तेव्हा तो संघात नव्हता. मला याचं मनापासून वाईट वाटतं. इतक्या वर्षांच्या मेहनतीच्या माणसाला निदान एकदा तरी ते मिळायला हवं होतं. पण ते मिळालं नाही म्हणून त्याने खेळायचं थांबवलं नाही, हेही खरं.

आता तुझं. तुझ्या आईचा फोन येऊन गेला, बारावीची काळजी आहे त्यांना. अभ्यासाचं वेळापत्रक तू त्यांना लिहून पाठव, तोंडी नको. म्हणजे प्रॅक्टिसवरून घरी कटकट होणार नाही. हा विषय इथेच संपला.

मैदानावरचं. पुढचा महिनाभर प्रॅक्टिस संपल्यावर वीस मिनिटं थांब. सेंटरला खेळणाऱ्या एखाद्या उंच मुलीला विनंती करून स्क्रीनला उभी कर. कुणी नसेल तर खुर्ची ठेव. दोन्ही कोपऱ्यांतून निघायचं, तिन्ही वाटांनी बाहेर पडायचं, आणि डावीकडून येताना जास्त, कारण तिथे तुझा आतला पाय उशिरा पडतो. पहिला आठवडा बॉल न घेताच कर. कंटाळा येईल, तरी कर. नंतर बॉल घे, पण मोजायचं ते बास्केट नव्हे, पाय किती वेळा बॉलच्या आधी तयार होते ते. दर वेळी शेवटी फ्री थ्रो, दमलेली असतानाच.

मॅचमध्ये उतरशील तेव्हा पहिल्या मिनिटात बॉल मागूच नकोस. एक चांगली स्क्रीन लाव आणि एकदा तरी तुझ्यावरच्या मुलीला बेसलाइनवरून पळव. डिफेन्सला परत येताना सगळ्यांत आधी ये. आणि त्या राज्य खेळलेल्या दोघींपैकी जिच्याशी थोडंफार बोलणं आहे, तिला सरळ विचार, ‘मी कुठे उभी राहिले तर तुला पास द्यायला सोपं जाईल?’ बघ काय सांगते ती. बहुतेक मुलींना हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारलेलाच नसतो.

दोन मॅचनंतर मला व्हिडिओ पाठव. तुझे बास्केट कापून जोडलेली रील नको, तू मैदानावर असशील ती सगळी मिनिटं पाठव, हलतं-डुलतं असलं तरी चालेल. कॅमेरा बॉलमागे फिरवू नको म्हणावं काढणारीला, तुझ्यावरच ठेव. मी बघून कुठे थांबलीस आणि कुठे उशिरा निघालीस ते वेळेसकट लिहून पाठवते. तुझ्या बुटांचे तळ झिजलेत असं मागे म्हणाली होतीस. सिमेंटच्या मैदानावर त्या बुटांनी कट मारू, म्हणजे पळताना एकदम दिशा बदलू, नकोस, आधी ते बदल. पैशांची अडचण असेल तर लाजू नकोस, सांग.

तुझी,
ताई